चष्मा स्वस्तात, पण माप चोख: ऑप्टिशियन निवडण्याची रीत

माझा नंबर मायनस पाच. काही वर्षांपूर्वी नवा चष्मा केला आणि पहिल्याच संध्याकाळी डोळ्यांच्या मागून कोणीतरी दोरी ओढतंय असं वाटायला लागलं. दुकानात परत गेलो, तर उत्तर मिळालं, "सवय होईल." तीन आठवडे सवयीची वाट पाहिली. शेवटी दुसऱ्या एका ऑप्टिशियनने तो चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवला, दोन्ही काचांवर केंद्राचा एकेक ठिपका काढला आणि पट्टी लावली. ठिपक्यांमधलं अंतर भरलं ६८ मिलिमीटर. माझ्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर आहे ६२. नंबर बरोबर होता, काच उत्तम प्रतीची होती, फ्रेम तर महागडी होती. चुकलं होतं ते फक्त सहा मिलिमीटरचं माप, जे घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तेव्हापासून घरातल्यांचे, मित्रांचे बरेच चष्मे बरोबर जाऊन करून दिले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. चष्म्याचे पैसे वाढतात ते फ्रेमच्या नावावर आणि काचेवरच्या लेपांवर. चष्मा चांगला ठरतो तो तपासणीवर आणि मापावर. म्हणजे पैसे वाचवायला भरपूर जागा आहे, फक्त ती कुठे आहे हे माहीत हवं. आपल्याला असा ऑप्टिशियन शोधायचा आहे जो पहिल्या दोन गोष्टी कमीत देईल आणि दुसऱ्या दोन चोख करेल.

आधी नंबर, मग दुकान

डोळे तपासणं आणि चष्मा विकत घेणं ही दोन वेगळी कामं समजा. एकाच ठिकाणी झाली तरी हरकत नाही, पण तपासणीचा कागद लेखी हातात घ्या आणि मगच काचांचं बोलणं सुरू करा. "चष्मा आमच्याकडे केलात तर तपासणी मोफत" असं जिथे सांगतात तिथे आधीच विचारा: नुसती तपासणी केली तर किती, आणि कागद देणार का? कागद द्यायला कुरकुर करणारं दुकान मी तिथेच सोडतो.

तपासणी कोण करतं हेही पाहा. नेत्रतज्ज्ञ म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर. आजार ओळखणं, औषध, शस्त्रक्रिया हे त्याचं काम. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढण्यात तरबेज असतो आणि काही बिघाड दिसला तर डॉक्टरकडे पाठवतो. ऑप्टिशियन लिहून दिलेल्या नंबरावरून चष्मा बनवतो, बसवतो, दुरुस्त करतो. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह असेल किंवा घरात कोणाला काचबिंदू असेल, तर नुसत्या नंबरावर भागवू नका. डोळ्यातला दाब आणि मागचा पडदा डॉक्टरकडून तपासून घ्या. काचबिंदू बराच काळ काहीही न दुखवता नजर खातो आणि तो नवीन काचांनी भरून येत नाही. अचानक डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा उतरल्यासारखं वाटलं, तर चष्म्याच्या दुकानात जायचंच नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या रुग्णालयात जायचं.

मधुमेह असणाऱ्यांसाठी आणखी एक. रक्तातली साखर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो. साखर आटोक्यात येऊन स्थिर झाल्यावरच चष्मा करा, नाहीतर महिन्याभरात तो चष्मा 'चुकीचा' होईल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही डोळा स्थिरावायला काही आठवडे लागतात; डॉक्टर "आता नंबर काढा" म्हणेपर्यंत थांबा.

चांगली तपासणी ओळखायची कशी? यंत्रासमोर हनुवटी टेकवून चित्राकडे बघायला लावतात ना, तो ऑटोरिफ्रॅक्टर. त्यातून निघणारी चिठ्ठी म्हणजे सुरुवात. तिच्यावरून थेट चष्मा बनवायचा नसतो. त्यानंतर "ही काच बरी की ही?" असं विचारत एकेक डोळा वेगळा तपासला गेला पाहिजे, मग दोन्ही मिळून. शेवटी चाचणीची गोल फ्रेम घालून चार पावलं चालायला, खाली बघायला, मोबाइल वाचायला सांगितलं तर समजा हा माणूस काम नीट करतो. ही दहा मिनिटं मागून घ्या, लाजू नका. आणि जाताना जुना चष्मा बरोबर न्या. नव्या आणि जुन्या नंबरात फार फरक असेल तर तो तपासणाऱ्याच्या तिथल्या तिथे लक्षात येतो.

कागदावर काय लिहिलंय

उजव्या डोळ्यापुढे बऱ्याचदा 'ओडी' आणि डाव्यापुढे 'ओएस' लिहितात. पहिला आकडा स्फिअर: मायनस म्हणजे लांबचं धूसर, प्लस म्हणजे त्याच्या उलट प्रकार. हे आकडे पाव-पाव डायॉप्टरने (डायॉप्टर म्हणजे नंबराचं एकक) वाढतात: ०.२५, ०.५०, ०.७५. मायनस २ नंबर असेल तर चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. मायनस ४ असेल तर पाव मीटरपर्यंत. दुसरा आकडा सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, आणि त्याच्यापुढचा ॲक्सिस तो नंबर कोणत्या कोनात बसवायचा हे सांगतो, १ ते १८० अंशांत. सिलिंडर आहे पण ॲक्सिस लिहिलेला नाही, असा कागद अपुरा. 'ॲड' म्हणजे जवळचं वाचायला वाढवलेला नंबर.

दोन दुकानांचे कागद वेगळे दिसले म्हणून लगेच घाबरू नका. −१.०० / −०.५० × ९० आणि −१.५० / +०.५० × १८० हा एकच नंबर आहे, लिहायची पद्धत तेवढी वेगळी. स्फिअर आणि सिलिंडर यांची बेरीज केली, सिलिंडरचं चिन्ह उलटवलं आणि ॲक्सिस ९० ने फिरवला की एकातून दुसरा मिळतो.

बहुतेक कागदांवर पीडी नसतो. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, बहुतेक मोठ्या माणसांत ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान. तपासणी करतानाच तो मोजून कागदावर लिहून मागा. शक्य असेल तर नाकाच्या मध्यापासून उजवा आणि डावा वेगवेगळा, कारण पुष्कळांचं नाक बरोबर मध्यात नसतं. हा एक आकडा हातात असला की कोणत्याही दुकानात तुम्ही बांधलेले राहत नाही.

काय हवं ते घरीच ठरवा

काउंटरसमोर बसून ठरवायला गेलं की गरजेपेक्षा दीडपट घेतलं जातंच, हा माझा स्वतःचा अनुभव. म्हणून तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा: काचेचं मटेरियल, तिच्यावरचे लेप आणि फ्रेमचा आकार.

मटेरियलची भाषा 'इंडेक्स'ची असते. १.५० म्हणजे साधी प्लास्टिकची काच, तिला सीआर-३९ म्हणतात. पुढे १.५६, १.६०, १.६७, १.७४. आकडा जितका मोठा तितकी काच पातळ आणि तितकी महाग. विक्रेता पातळपणा सांगेल. एक गोष्ट बहुधा सांगणार नाही. काच जसजशी पातळ होत जाते तसतशी साधारणपणे तिच्यातून कडेला दिसणारी रंगांची झालर वाढते. याचं माप 'ॲबे' नावाच्या आकड्याने सांगतात: सीआर-३९ चा सुमारे ५८, १.६७ चा सुमारे ३२, पॉलिकार्बोनेट या सहजासहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकचा ३०. आकडा जास्त असेल तितकं चित्र स्वच्छ. म्हणजे कमी नंबराला साधी काच ही नुसती स्वस्तच नाही, नजरेलाही चांगली.

माझा ढोबळ हिशेब असा: दोनपर्यंतच्या नंबराला १.५० किंवा १.५६ भरपूर. चारपर्यंत १.५६, हवं तर १.६०. चार ते सहाला १.६०. सहाच्या वर १.६७ चा विचार करा. १.७४ आठच्या खाली घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बिनकडांची फ्रेम असेल तर मात्र सीआर-३९ नको. भोक पाडलेल्या जागी ती तडकते.

आता खरा पैसे वाचवणारा मुद्दा. काच जाड होण्यात नंबराइतकाच हात फ्रेमचा असतो. फ्रेमच्या दांडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५४–१८–१४०. पहिला म्हणजे एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोघांची बेरीज करा: ७२. तुमचा पीडी ६२ असेल, तर प्रत्येक काचेचं केंद्र नाकाकडे पाच मिलिमीटर सरकवावं लागेल आणि काचेची जाड कड कानाच्या बाजूला उघडी पडेल. तेच ४८–१८ ची फ्रेम घेतली तर बेरीज ६६, सरकवायचं फक्त दोन मिलिमीटर.

मायनस पाचला याचा काय फरक पडतो ते काढून बघितलं. १.५० च्या काचेत, मोठ्या फ्रेममध्ये कानाकडची कड मध्यापेक्षा साधारण ५ मिलिमीटरने जाड होते. मोठीच फ्रेम ठेवून १.६७ घेतली तर ३.८. आणि साधी १.५० च ठेवून फ्रेम लहान घेतली तर ३.४. महागड्या काचेचं सगळं काम लहान, गोलसर फ्रेमने फुकटात केलं. जाड नंबर असणाऱ्या प्रत्येकाने फ्रेम निवडताना आरशाआधी दांडीवरचे आकडे बघावेत असं मला मनापासून वाटतं.

लेपांचं सांगायचं तर अँटीग्लेअर घ्याच. लेप नसलेल्या साध्या प्लास्टिकच्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ च्या काचेवरून सुमारे १२. म्हणजे पातळ काचेला तर तो हवाच. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचे फुटलेले झगझगीत ठिपके त्याने बरेच कमी होतात. ओरखड्यांपासून वाचवणारा हार्ड कोट बहुतेक काचांवर आधीच असतो. त्याचे वेगळे पैसे लावत असतील तर कारण विचारा.

ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच, हल्ली कॉम्प्युटरचं नाव काढलं की पुढे केली जाते. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांना येणारा ताण अशा काचांनी थोड्या काळापुरता तरी कमी होतो असं त्यांना दिसलं नाही. स्क्रीनसमोर डोळे शिणतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात आणि नजर तासन्‌तास एकाच अंतरावर खिळते म्हणून. जादा पैसे मागत असतील तर ब्लू कट सोडून द्या. त्याच किमतीत येत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त काचेला किंचित पिवळसर झाक असते.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच सोयीची आहे, पण गाडी चालवण्यासाठी म्हणून घेत असाल तर थांबा. ती अतिनील किरणांनी काळी होते आणि गाडीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते. आत बसल्यावर बहुतेक फोटोक्रोमिक काचा जेमतेम गडद होतात.

फ्रेमबद्दल थोडक्यात. नावाजलेल्या छापाचे पैसे बहुतांशी नावाचे असतात. बिजागरी घट्ट असावी, दांड्या दोन्हीकडे सारख्या उघडाव्यात, नाकावर वजन एका जागी टोचू नये. नाक बसकं असेल किंवा चष्मा सारखा घसरत असेल तर वाकवता येणारे नोजपॅड असलेली धातूची फ्रेम बरी. धातूने त्वचा लाल होत असेल तर निकेलरहित किंवा टायटॅनियम मागा. आणि जुनी फ्रेम धडधाकट असेल तर तिच्यातच नव्या काचा बसवून घ्या. सगळ्यात मोठी बचत हीच, आणि आश्चर्य म्हणजे ती कोणी विचारतच नाही. कडक पडलेल्या जुन्या प्लास्टिकच्या फ्रेमला काच बसवताना तडा जाऊ शकतो. तशी वेळ आली तर जबाबदारी कोणाची हे आधी बोलून घ्या.

भाव विचारायचा तो असा

"चष्म्याचे किती घेता?" या प्रश्नाला प्रत्येक दुकान वेगळ्या चष्म्याचा भाव सांगतं, त्यामुळे तुलनाच होत नाही. किमान तीन ठिकाणी एकच वाक्य जसंच्या तसं विचारा. फोनवरही चालतं. उदाहरणार्थ (सिंगल व्हिजन म्हणजे पूर्ण काचेत एकच नंबर): "दोन्ही डोळे मायनस साडेतीन, सिलिंडर पाऊण, सिंगल व्हिजन, १.५६ इंडेक्स, अँटीग्लेअरसह. फ्रेम माझी आहे. काचांचे, बसवायचे आणि कर धरून एकूण किती? काच कोणत्या कंपनीची? चष्मा जमला नाही तर काय करता?"

या एका फोनमध्ये बरंच कळतं. जो इंडेक्स आणि कंपनी सरळ सांगतो त्याला लपवायचं काही नसतं. जो "तुम्ही या तर खरं, बघू" एवढंच म्हणतो, त्याचा भाव तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरणार.

धंद्यातली एक गोष्ट इथे कामाला येते. नेहमीच्या नंबरांच्या सिंगल व्हिजन काचा तयार मिळतात, त्यांना स्टॉक लेन्स म्हणतात. दुकानदार त्या फक्त फ्रेमच्या आकारात कापून बसवतो. मोठा नंबर, जास्त सिलिंडर, प्रोग्रेसिव्ह (लांबचं ते जवळचं सगळं एकाच काचेत) अशा काचा प्रयोगशाळेत तुमच्यासाठी घासून बनवतात, त्यांना आरएक्स म्हणतात. स्टॉक काच स्वस्त आणि लवकर मिळते, दर्जात काही कमी नसते. म्हणून विचारा, "माझा नंबर स्टॉकमध्ये बसतो का?" कधीकधी १.६७ फक्त ऑर्डरने येते आणि १.६० तयार मिळते. तेव्हा किमतीतली उडी मोठी असते आणि जाडीतला फरक नखाएवढा.

'एकावर एक मोफत'ची जाहिरात दिसली तर त्यातल्या काचांचा इंडेक्स आणि लेप विचारून घ्या. मोफत बहुधा फ्रेम असते. काचा साध्या, बिनलेपाच्या निघतात आणि त्या सुधारून घेण्यात मोफतपणा संपतो. दुसरा चष्मा खरोखर हवा असेल तर सौदा बरा ठरू शकतो, मात्र एकूण बेरीज करून बघा.

धर्मादाय नेत्र रुग्णालयांचे आणि ऑप्टोमेट्रीच्या महाविद्यालयांचे स्वतःचे चष्मे विभाग असतील तर तिथला भाव नक्की घ्या. नोकरीच्या ठिकाणचा आरोग्य विमा चष्म्याचे पैसे देतो का तेही विचारा. पुष्कळ जण विचारत नाहीत आणि वर्ष निघून जातं.

माप घेताना डोळे उघडे ठेवा

भाव पटला, आता माणूस पारखायचा. पीडी मोजायला पुपिलोमीटर नावाचं दुर्बिणीसारखं छोटं यंत्र असतं. ते नसलं तरी बिघडत नाही, साधी मिलिमीटरची पट्टी पुरते, पण ती धरण्याची रीत आहे. मोजणारा तुमच्या समोर, हातभर अंतरावर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसतो. स्वतःचा उजवा डोळा मिटतो आणि तुम्हाला त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगतो. पट्टीचा शून्य तुमच्या उजव्या बाहुलीवर लावतो. मग पट्टी जराही न हलवता डोळा बदलतो, तुम्हाला उजव्या डोळ्याकडे बघायला लावतो आणि तुमच्या डाव्या बाहुलीपाशी आकडा वाचतो. चांगला ऑप्टिशियन हे दोनदा करतो. उभ्याउभ्या चेहऱ्यासमोर पट्टी धरून "बासष्ट" असं म्हणून मोकळं होणं याला माप म्हणत नाहीत.

याला इतकं महत्त्व का, तर काचेच्या केंद्रातून न बघता बाजूने बघितलं की काच प्रिझमसारखी वागते आणि चित्र सरकवते. किती सरकवते त्याचा हिशेब सोपा आहे: चूक सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. माझ्या चष्म्यात दर डोळ्याला ०.३ सेंटिमीटरची चूक होती, नंबर पाच, म्हणजे दर डोळ्याला दीड आणि दोन्ही मिळून तीन प्रिझम डायॉप्टर. डोळे दिवसभर ती ओढ सांभाळत होते. नंबर मायनस एक असता तर तीच चूक कदाचित जाणवली नसती. म्हणून नंबर जितका मोठा, तितका मापाचा आग्रह मोठा.

चाळिशी लागल्यावर

इथे सर्वात जास्त पैसे जातात आणि सर्वात जास्त चष्मे ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

लांबचं नीट दिसतं, तिरकस नंबर नाही, दोन्ही डोळे सारखे, फक्त बारीक अक्षर लांब धरावं लागतं? तर एकदा डोळे तपासून घेऊन वाचायचा तयार चष्मा खुशाल वापरा. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण +१.००, पन्नाशीत दीड ते दोन, साठीत अडीचच्या आसपास लागतो. त्याने डोळे बिघडत नाहीत.

लांबचा नंबरही असेल तर तीन वाटा. दोन वेगळे चष्मे: सगळ्यात स्वस्त, नजर सगळ्यात स्वच्छ, मात्र अदलाबदलीचा कंटाळा. बायफोकल: खाली वाचायची खिडकी, रेघ दिसते, किंमत मधली. प्रोग्रेसिव्ह: रेघ नाही, लांब, मध्यम आणि जवळचं सगळं एकाच काचेत, पण कडेला चित्र डगमगतं आणि ते कितीही महाग काचेत पूर्ण जात नाही, महाग काचेत स्पष्ट पट्टा जरा रुंद मिळतो एवढंच. दिवसभर एका जागी बसून कॉम्प्युटरवर काम असेल, तर स्क्रीनच्या अंतराचा वेगळा सिंगल व्हिजन चष्मा स्वस्तही पडतो आणि मानही वाचवतो.

प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच असेल, तर तो भाव बघून दूरच्या दुकानातून घेऊ नका. त्याला दर डोळ्याचा वेगळा पीडी आणि बाहुलीची उंची लागते. तुम्ही निवडलेली फ्रेम आधी तुमच्या नाकाकानावर नीट बसवून, मग तुम्हाला सरळ समोर बघायला सांगून, फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर पेनने बाहुलीवर ठिपका काढतात. हा ठिपका न काढता, किंवा तितक्याच काटेकोर यंत्राने न मोजता प्रोग्रेसिव्हची ऑर्डर घेणाऱ्याला पैसे देऊ नका. फ्रेमची उभी उंचीही पुरेशी हवी. अरुंद फ्रेममध्ये वाचायचा भाग कापलाच जातो. आणि ऑर्डर देण्याआधी लिहून घ्या: दोन-तीन आठवड्यांत जमला नाही तर काच विनामूल्य बदलून देणार का, की सिंगल व्हिजन करून देणार?

ऑनलाइन घ्यावा का?

सिंगल व्हिजन, नंबर तीनच्या आत, सिलिंडर थोडा, पीडी हातात आणि आधी वापरलेल्या फ्रेमचे आकडे माहीत: एवढं असेल तर ऑनलाइन चष्मा बहुधा ठीक येतो. दुसरा, जादाचा चष्मा म्हणून तर उत्तमच. मोठा नंबर, प्रोग्रेसिव्ह, प्रिझम लिहून दिलेला कागद किंवा लहान मूल असेल तर नको. घरी आलेला चष्मा नाकावर तिरका बसला तर तो सरळ कोण करणार, हाही विचार करा. जवळचा ऑप्टिशियन थोडे पैसे घेऊन करून देतो, ते हिशेबात धरा.

मुलांसाठी

मुलांचा नंबर डोळ्यात थेंब घालून काढलेला असावा, कारण मुलं बघताना नकळत डोळ्याला जोर देतात आणि नंबर फसवा येतो. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, ती सहजासहजी फुटत नाही. फ्रेम पूर्ण कडेची. वाढत्या वयात नंबर बदलत राहतो, म्हणून मुलांच्या बाबतीत दुकानाने मोडतोड आणि बदल किती वेळा करून द्यायचं कबूल केलंय हे किमतीपेक्षा जास्त तपासा.

चष्मा ताब्यात घेताना

घाईने डब्यात टाकून निघू नका. आधी दुकानदाराला सांगा, "लेन्सोमीटरवर लावून आकडे दाखवा." कागदाशी जुळवून बघा, ॲक्सिससह. काच ज्या कागदी पाकिटातून आली ते मागून घ्या. त्यावर नंबर, इंडेक्स, लेप सगळं छापलेलं असतं. पैसे १.६० चे आणि पाकीट १.५६ चं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

घरीही काही गोष्टी कळतात. चष्मा डोळ्यापासून वीतभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि हळूच बाजूला हलवा. मायनसची काच असेल तर चौकट त्याच दिशेला सरकते, प्लसची असेल तर उलट. चष्मा गोल फिरवला आणि चौकटीची सरळ रेघ काचेत वाकडी झाली, तर सिलिंडर आहे. अँटीग्लेअर बघायचा तर दिव्याचं प्रतिबिंब काचेत पाडा: लेप असेल तर ते मंद, हिरवट किंवा जांभळट दिसतं, नसेल तर पांढरं लख्ख. प्रोग्रेसिव्हच्या काचेवर फुंकर घालून तिरपी धरली की कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली बहुधा ॲडचा आकडा असतो. चष्मा उलटा करून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगला तर दांड्या सारख्या नाहीत, तिथल्या तिथे सरळ करून घ्या.

नव्या नंबराला डोळे सरावायला चार-आठ दिवस लागतात, प्रोग्रेसिव्हला दोन आठवडे. त्या काळात जुना चष्मा मधूनमधून घालू नका, सराव लांबतो. पण एका डोळ्याने धूसर दिसत असेल, एकाची दोन दिसत असतील किंवा रोज संध्याकाळी डोकं दुखत असेल, तर दोन-तीन दिवसांतच परत जा आणि हा क्रम धरा: आधी काचेचा नंबर कागदाशी, मग केंद्रांचं अंतर पीडीशी, मग फ्रेमचा बसाव, आणि हे सगळं बरोबर निघालं तर नंबर पुन्हा तपासणं. "सवय होईल" हे उत्तर या चार गोष्टी तपासल्यानंतर दिलं तर मान्य करा, आधी नाही.

काचा धुताना आधी पाण्याखाली धरा, धूळ जाऊ द्या, मग मऊ फडक्याने टिपा. शर्टाच्या कोरड्या टोकाने पुसल्याने लेप ओरखडतो, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवल्याने त्याला बारीक तडे जातात. नंबराचा कागद, दोन्ही डोळ्यांचे पीडी आणि फ्रेमच्या दांडीवरचे आकडे यांचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवून द्या. जुना चष्माही टाकू नका. नवा कधी तुटलाच, तर दुसरा तयार होईपर्यंत तोच कामाला येतो, आणि त्याची फ्रेम शाबूत असेल तर पुढच्या काचा तिच्यातच बसतील.